तुणतुण्याचा वाटा

गोंधळात संबळ दणाणतं, झांज खणखणते आणि तुणतुणं मागे उभं राहून सूर धरतं. पूर्वी अंगणात पन्नास माणसं असायची, शेवटच्या माणसापर्यंत ते पोचायचं. आता लग्नाच्या गोंधळालाही स्पीकर आले. तुणतुण्यापुढे माईक ठेवला तर त्यात संबळच जास्त शिरतं आणि आवाज वाढवला की शिट्टी सुटते. आमच्या वणीकडच्या एका गोंधळी पार्टीत मग बोलणं निघालं, "ऐकूच येत नाही, तर बिदागीत पुरा वाटा कशाला?"

तुणतुणंवाल्या बाबांच्या नातवानं तोडगा काढला. गिटारला लावतात तसा चुंबकी पिकअप त्यानं तुणतुण्याच्या बांबूला बसवला. चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढंच ते यंत्र. समोरची पोलादी तार हलली की वेढ्यांत बारीकशी वीज उठते, तीच स्पीकरला जाते. तार पितळेची असती तर काही हाती लागलं नसतं. अंतरही जपावं लागतं. पिकअप लांब गेला तर आवाज मरतो, फार जवळ आला तर चुंबक तारेलाच ओढतो आन् सूर बिघडतो.

आवाज आला, चांगला मोठा आला. बाबा म्हणले, "हे माझं तुणतुणं न्हाई."

त्यांचं खरं होतं. पिकअप ऐकतो ती तार. खाली ताणलेलं कातडं, लाकडाचं पोकळ पोट, ज्यात तो आवाज घुमतो, ते त्याला जवळपास ऐकूच येत नाही. द्राक्षाची साखर मोजायचं आमचं मीटरही तसंच. दोन थेंबांत गोडी सांगतं, पण आंबटपणा, सालीचा कुरकुरीतपणा त्याला कुठला कळायला? तरी भाव त्याच आकड्यावर ठरतो.

काहीजण म्हणतात, देवीला सगळं ऐकू जातं, वायरी कशाला? असं म्हणणाऱ्यांची बिदागी कोणी कापत नाही, हेही बघावं. नातवाला मी दोष देणार नाही, त्यानं आज्याचा घास राखला. माझा राग त्या बोलण्यावर आहे. गाणारा सूर धरतो तो तुणतुण्यावर, आणि तो स्पीकरमधून नाही, कानाशी. मंडपाला ऐकू येवो न येवो, ते काम झालेलंच असतं. मग वाटा आवाजावर कोणी ठरवला?

आता पिकअप बसलेलाच आहे, बाबा तो बारीक ठेवायला लावतात. वाटा पुरा मिळतो. पिकअपमुळे मिळतो की सुरामुळे, हे पार्टीत अजून कोणी बोललेलं नाही.