सोडण्याचे बळ

लहानपणी तबला शिकायला जात असे, तेव्हा माझ्या तर्जनीतून ‘ना’ काही केल्या नीट निघत नसे. मी जोर वाढवायचो, किनारीवर बोट आणखी आपटायचो आणि आवाज आणखी बसका यायचा. गुरुजी एवढेच म्हणत, “मारण्याकडे लक्ष देऊ नकोस, उचलण्याकडे दे.” बोट चामड्यावर रेंगाळले की नाद तिथेच मरतो, टेकताक्षणी सुटले तरच तो घुमतो. ती शिकवण मी तबल्यापुरती धरून चाललो होतो. पुढे स्नायूंविषयी वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की हाताच्या प्रत्येक हालचालीला ती लागू आहे.

शाळेत आम्ही शिकलो ते असे: मेंदू हुकूम देतो, चेतातंतू तो पोचवतात, स्नायू आखडतो. यात चूक काहीच नाही, पण ही निम्मी गोष्ट आहे. आखडलेला स्नायू सैल कसा पडतो, हे कोणी विचारले नाही. हुकूम थांबला की तो आपोआप सुटत असेल, असे आम्ही गृहीत धरले. शरीरात मात्र सोडणे फुकट होत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था राबते आणि ऊर्जाही खर्ची पडते.

आधी आखडण्याकडे पाहू. बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने बेडकाच्या मेलेल्या पायांना विजेने आणि धातूच्या स्पर्शाने झटके येताना पाहिले आणि १७९१ साली ते लिहून प्रसिद्ध केले. चेतातंतू आणि वीज यांचे नाते तेव्हापासून चर्चेत आले. पण चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मधे एक फट असते; मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. विजेचा संदेश त्या काठावर थांबतो आणि तिथून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन फटीत सुटते. हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात लंडनमध्ये हे दाखवून दिले. पलीकडे हे रसायन पोचले की स्नायूतंतूवर पुन्हा विजेची लाट उठते, तंतूच्या आतल्या पिशव्यांमधले कॅल्शियम मोकळे होते आणि ओढ सुरू होते.

ही ओढ म्हणजे काय, याचे उत्तर १९५४ साली मिळाले. ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध छापून आले: एक ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, दुसरा अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा. दोन्ही हक्सलींचे एकमेकांशी नाते नव्हते, पण निष्कर्ष एकच निघाला. स्नायू आखूड होतो, तरी त्याच्या आतले धागे आखूड होत नाहीत. मायोसिनचे जाड धागे आणि ॲक्टिनचे बारीक धागे एकमेकांवरून सरकतात. मायोसिनला बारीक डोकी असतात. ती ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा धरतात. विहिरीतून पोहरा वर घेणारे हात दोरावर जसे चालतात, तसेच हे चालते.

त्या ‘सोडतात’ या शब्दापाशी थांबायला हवे. डोके सुटण्यासाठी एटीपी या ऊर्जावाहक रेणूने येऊन त्याला चिकटावे लागते. तो आला नाही, तर पकड सुटत नाही. मृत्यूनंतर दोन-चार तासांत देह ताठरू लागतो तो यामुळेच. एटीपी बनणे थांबलेले असते, आत कॅल्शियम पसरते आणि डोकी धरलेल्या जागीच अडकून पडतात. घरातली जाणती माणसे प्राण जाताच हातपाय सरळ करून घेतात, पायांचे अंगठे बांधतात. पुढे ते करता येणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

कॅल्शियमचेही तसेच. ते पिशव्यांतून बाहेर येते ते उतारावरून घरंगळल्यासारखे. परत आत भरायचे तर पंप चालवावे लागतात आणि त्यांनाही एटीपी लागते. फटीतले ॲसिटिलकोलीनसुद्धा तिथे साचून चालत नाही. एक विकर ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात तोडून टाकते. ऐकलेला हुकूम पुसला, की पाटी पुढच्या हुकमासाठी कोरी.

हुकूम पोचलाच नाही, तर माणूस लुळा पडतो, हे सहज कळते. मण्यारीच्या विषाने तेच होते. पण हुकूम पुसला गेला नाही, तर? ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके नेमके हे पुसणारे विकरच निकामी करतात. ॲसिटिलकोलीन साचत जाते, स्नायू आधी जागोजागी फडफडतात, मग सततच्या हुकमाखाली थकून बंद पडतात. श्वासाचे स्नायूही त्यात आले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या हंगामात वापरल्या गेलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस हे याच गटातले होते. इतक्या बारीक फटीतले विकर वाचवण्याचा प्रश्न शेवटी हातमोजे, मास्क आणि मजुरी यांचा होऊन बसतो.

एक थर आणखी वरचा. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून कोपर वाकवताना दंडाच्या पुढच्या स्नायूने ओढायचे आणि मागच्याने त्याच वेळी ढील द्यायची. मागच्याला आवरण्याचे हे काम मज्जारज्जूत होते. धनुर्वाताचे विष ते आवरणेच बंद पाडते. मग समोरासमोरचे स्नायू एकाच वेळी आखडतात आणि शरीर धनुष्यासारखे वाकते. या रोगाचे आपले नाव किती अचूक आहे! त्या रोग्याच्या स्नायूंत बळ कमी नसते. थांबण्याची सोय तेवढी हरवलेली असते.

आपल्या भाषेत बळाचे शब्द आवळण्याचे आहेत: कंबर कसणे, मूठ आवळणे, मांड घट्ट करणे. सैल, ढिला, शिथिल हे शब्द आपण ठपका ठेवण्यासाठी वापरतो. माझा या वाटणीवर विश्वास राहिलेला नाही. नवे अक्षर गिरवणारे मूल पेन्सिल इतकी आवळते की बोटे पांढरी पडतात; समोरासमोरचे स्नायू एकदमच कामाला लागलेले असतात. हात बसत जातो तसा अनावश्यक ताण गळतो, आणि आपण म्हणतो अक्षर वळणदार झाले. तबल्यावर जलद बोलांचा रेला वाजवणाऱ्याच्या बोटांचा वेगही तसाच येतो. नुसत्या ताकदीने बोटे तशी पळत नाहीत. दर आघातानंतर ती वेळेवर सुटावी लागतात.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना विनंती आहे. मुलाला ‘घट्ट धर’ म्हणाल, त्याच सुरात ‘आता सोड’ हेही शिकवा आणि ते त्याला जमले तर तेवढ्याच मनापासून शाबासकी द्या. पकड प्रेताच्या मुठीतही असते. धरलेले सोडून पुन्हा धरता येणे, हे जिवंत हाताचेच काम आहे.