गाळावरचा हक्क

मे महिन्यात पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचे पाणी मागे सरकते आणि एरवी लाटांखाली असलेली जमीन उघडी पडते. चौपाटीवर कणीस खात उभी असलेली माणसे त्या तडकलेल्या चिखलावरून नजर पुढे नेतात आणि उरल्या पाण्याचे फोटो काढतात. मी तो चिखल बघत राहतो. आंबी, मोसे, मुठा या नद्यांनी सह्याद्रीच्या उतारांवरून खरवडून आणलेली ती माती आहे. धरणाच्या हिशेबात तिला गाळ म्हणतात आणि ती साठवणुकीतली तूट म्हणून मांडली जाते. त्या मातीकडे कुंभाराच्या नजरेने पाहणारा माणूस या हिशेबात कुठेच नाही, ही माझी तक्रार आहे.

मातीच्या भांड्यांची प्रादेशिक परंपरा म्हटले की आपण घाट, नक्षी आणि फिरते चाक यांचा विचार करतो. पण चाक सगळीकडे सारखेच फिरते. प्रदेश असतो तो मातीत. दख्खनची माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली. ओली झाली की फुगते, वाळताना आकसते आणि तडकते. तशीच चाकावर घेतली तर भांडे भट्टीपर्यंतही पोचायचे नाही. म्हणून ती चाळायची, भिजत घालायची, पायांनी तुडवायची आणि तिच्यात राख, बारीक वाळू, घोड्याची लीद मिसळायची. आव्यात लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, वाऱ्याने उडते आणि माठ गार होतो. लीद किती आणि राख किती, हे प्रमाण कुठल्या पुस्तकात नाही, कारण ओढा बदलला की ते बदलते. एका पावसाळ्यानंतर त्याच ओढ्याची मातीसुद्धा वेगळी वागते.

माठ चाकावर पूर्ण होतो, असा अनेकांचा समज आहे. चाकावरून उतरते ते तयार गळ्याचे, जाड अंगाचे आणि बूड उघडे असलेले भांडे. ते थोडे सुकले की आतून दगडाचा किंवा भाजक्या मातीचा गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोकत जायचे. चिकटू नये म्हणून राख लावायची. ठोकता ठोकता अंग पातळ होते, पोट फुगते, बूड मिटते. चुलीच्या तीन दगडांवर किंवा चुंबळीवर नेमके बसणारे ते गोल बूड थापटण्याने दिलेले आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्यानेच तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपण अध्यात्म म्हणून ऐकतो. तिच्यात धंद्याचे एक पक्के सत्यही आहे: भांड्याची परीक्षा कानाने होते. बाजारात माठ घेताना आपणही बोटाच्या पेराने टकटक करून बघतो.

हा खणखणीत आवाज फार जुना आहे. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, आणि तिथल्या तांबड्या अंगाच्या, काळ्या रेषांच्या, तोटीच्या भांड्यांवरून एका सबंध संस्कृतीला नाव मिळाले. ती इतकी चांगली भाजलेली आहेत की ठोकली तर धातूसारखी वाजतात. आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीवरच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत खोदकाम केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची कुंभाराची भट्टी सापडली. तिथल्या लोकांनी आपली मेलेली मुले दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरली. मातीच्या भांड्यावर माणसाने याहून मोठा विश्वास टाकल्याचे मला ठाऊक नाही. आजही संक्रांतीची सुगडी, अक्षय्य तृतीयेची करा-केळी, नवरात्रातला घट आणि शेवटी खांद्यावरचे मडके मातीचेच लागते.

पुण्याचा कुंभारवाडा कसब्यात मुठेकाठी वसला, कारण पाणी आणि माती दोन्ही हाताशी होती. १८६९ च्या सुमारास वरच्या अंगाला खडकवासल्याचे धरण बांधायला घेतले गेले, आणि पुराबरोबर खाली येणारी माती भिंतीमागे थबकू लागली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. आता शहराच्या पणत्या आणि माठ मुंढव्याजवळच्या केशवनगरात घडतात. माती ट्रकने येते, विकत. घरगुती गणपतीसाठी आपण शाडू गुजरातहून आणतो.

२०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. धरणातला गाळ शेतात न्यायचा, हा विचार उत्तमच आहे. कुंभारांना विजेची चाकेही वाटली जातात. त्यांनी खांदे आणि कंबर वाचते, हे मी मनापासून मानतो. पण चाक दिले आणि माती दिली नाही, तर कारागिराच्या हाती फक्त वेग येतो. या गाळात कुंभाराचा वाटा लिहून ठेवला पाहिजे.

यावरचे आक्षेप खरे आहेत. खडकवासला हे शहराचे पिण्याचे पाणी आहे, तिथे वाटेल तसे खोदता येणार नाही. सगळा गाळ भांड्यांच्या कामाचाही नसतो: जलाशयाच्या वरच्या तोंडाशी भरड वाळू बसते, बारीक चिकण भिंतीकडे. सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे. बलुतेदारीने कुंभाराला चाकाशी बांधून ठेवले आणि त्याच्या कामाचे मोल सुगीच्या दाण्यांवर ठरवले. ती व्यवस्था मला परत नको. म्हणून हा हक्क जन्माने मिळू नये, कामाने मिळावा, आणि त्यात बाईचे नाव आधी यावे. चाकावर बहुधा पुरुष बसतो. माती चाळणे, तुडवणे, रंगवणे आणि बाजारात विकणे यांतले कितीतरी काम तिचे असते, आणि कारागीर म्हणून तिची नोंद क्वचितच होते.

सुरुवातीला फार मोठी योजना लागणार नाही. पाणी उतरलेले असताना, पाऊस येण्याआधी, धरणाच्या अभियंत्याने केशवनगरातल्या दोन-तीन जाणत्या बायका-पुरुषांना त्या उघड्या चिखलावर न्यावे. ते वाकतील, चिमूटभर माती बोटांत चोळतील, थोडी जिभेवर ठेवून बघतील, आणि कुठे खणायचे ते सांगतील.