दोन खाती

एका तालुक्याच्या गावात लायन्स क्लब होता. त्याची बँकेत दोन खाती होती: सभासदांची वर्गणी प्रशासन खात्यात, लोकांकडून गोळा केलेली देणगी प्रकल्प खात्यात. लोकांकडून आलेला पैसा लोकांसाठीच खर्चायचा, सभासदांच्या चहालाही त्यातला वापरायचा नाही, हा लायन्सचा जुना दंडक.

एके काळी पन्नासेक असलेले सभासद एकोणीसवर आले, तसे पहिले खाते आटत गेले. त्यात आंतरराष्ट्रीय वर्गणी डॉलरच्या हिशेबाने. १९९०च्या सुमारास १७-१८ रुपयांचा डॉलर पुढे ८०च्या वर गेला, तरी क्लबची वर्गणी कित्येक वर्षे तेवढीच. वाढवू म्हटले की कुणीतरी राजीनाम्याची भाषा करी. क्लबचे खरे दुखणे हेच होते.

१ जुलैला लायन्सचे नवे वर्ष सुरू होते. नव्या, उत्साही अध्यक्षांना पदग्रहण थाटात करायचे होते. प्रशासन खात्यात जेमतेम ४,००० रुपये. प्रकल्प खात्यात ८६,०००.

"खजिनदारकाका, तीस हजार तात्पुरते इकडे घेऊ. वर्गणी जमली की परत टाकू."

पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांनी वाद घातला नाही. कापडी पिशवीतून पावतीपुस्तके काढली आणि कार्बनच्या पुसट निळ्या स्थळप्रती ते वाचू लागले.

"भाजीवाल्या मावशी, एक्कावन्न. सातवीचा वर्ग, एकशे तीन. सगळी चिल्लर होती. पिठाची गिरणी, दोनशे. सगळ्यांवर लिहिलंय, मोतीबिंदू शिबिरासाठी. यांतल्या कुणाकुणाला जेवायला बोलवायचं, तेवढं सांगा."

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग अध्यक्षांनीच हॉलचे बुकिंग रद्द केले आणि त्याच बैठकीत वर्गणी दुपटीने वाढवली. तिघे सोडून गेले. पदग्रहण शाळेच्या वर्गात, पोहे-चहावर झाले.

हिवाळ्यात शिबिर भरले. अध्यक्षांच्या सांगण्यावरून दोन्ही खात्यांचा जमाखर्च, देणगीदारांच्या यादीसह, दारावर लावला होता. एक एस.टी. कंडक्टर आईला घेऊन आले होते. यादी वाचून म्हणाले, "माझे वीस लिहिलेत. मी पन्नास दिले होते."

काकांनी तिथेच पावतीपुस्तक उघडले. स्थळप्रतीवर पन्नासच होते. वहीत उतरवताना चूक झाली होती. जमेत न बसणारे तीस रुपये काकांनी वेगळ्या पाकिटात ठेवले होते, त्यांचा पत्ता आता लागला. काकांनी आकडा खोडून दुरुस्त केला, सही केली आणि पेन अध्यक्षांकडे दिले. त्यांनीही खाली सही केली आणि कंडक्टरांच्या आईचे नाव तपासणीसाठी लिहून घेतले.