श्रवण आणि मनन



नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाचे आहे. परंतु ज्या कानांनी हरिकथा ऐकावयाची, त्याच कानांनी आपण परनिंदाही ऐकतो. आरती संपते न संपते तोच सभामंडपात कोणाच्या घरी काय घडले याची चर्चा रंगते. अशा कुजबुजीने एखाद्या निरपराध मुलीचे ठरलेले लग्नही मोडते. बोलणारा मात्र प्रसाद घेऊन निश्चिंत मनाने घरी जातो.

समर्थांच्या दासबोधातील दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. तो वाचताना आपणांस प्रथम शेजारी आठवतो! एकेक लक्षण आपण त्याच्या पदरी बांधतो. म्हणजे ग्रंथ हाती असूनही घडली ती निंदाच. तेच लक्षण स्वतःस लावून पाहिले, की मननास आरंभ होतो. मननावाचून श्रवण कानातच विरून जाते.

दासबोधाचे दशक २०, प्रत्येकी समास १०; एकूण २००. रोज दिवेलागणीस एक समास वाचून घरातील लहानथोरांनी त्यावर घटकाभर विचार केला, तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ पूर्ण होईल. एवढा नेम सर्व कुटुंबांनी धरावा, अशी आमची नम्र विनंती आहे. मग दुसऱ्याचे दोष मोजण्यास वेळ उरणार नाही, आणि हळूहळू इच्छाही उरणार नाही.