वसतिगृहातील समता आणि अल्पसंख्याकांचा धर्माचार

सातारा-सांगली भागातील धार्मिक अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाची चर्चा बहुधा शिष्यवृत्ती आणि शुल्क यांभोवती फिरते. परंतु गाव सोडून वसतिगृहात आलेल्या विद्यार्थ्यापुढे त्याहून खोल प्रश्न असतो, तो म्हणजे सर्वांच्या पंगतीत बसताना स्वतःचा धर्माचार कितपत पाळता यावा. येथील जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी असून, रात्रिभोजनत्याग, म्हणजे सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत, आणि कंदमुळे वर्ज्य मानणे हे नियम त्यातील अनेक घरांत पाळले जातात. मुस्लिम विद्यार्थ्याला रमजानमध्ये सहरी, म्हणजे पहाटेपूर्वीचे जेवण, आणि शुक्रवारी जुम्म्याच्या सामूहिक नमाजासाठी दुपारचा वेळ लागतो. खाणावळीच्या आणि तासिकांच्या वेळा मात्र बहुसंख्यांच्या दिनक्रमावरून ठरतात.

शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात जातिधर्मवार वसतिगृहे उभी राहिली आणि त्यांमुळे खेड्यांतील अनेक मुलांना शिकता आले, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. तरीही त्याच कोल्हापुरातील जैन बोर्डिंगमध्ये राहणारे भाऊराव पाटील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ते स्वतः जैन होते, म्हणून हा प्रसंग अधिक बोलका आहे: व्रत हा माणसाने स्वतःवर घातलेला निर्बंध असतो, तर विटाळ हा दुसऱ्याच्या अस्तित्वावर ठेवलेला दोष असतो, आणि धर्मस्वातंत्र्याच्या नावाने संरक्षण मागण्याचा अधिकार केवळ पहिल्याला आहे. पुढे १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापन करून चालवण्याचा हक्क देतो, आणि २०१४ मध्ये जैनांनाही राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. पण सर्वसाधारण महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या रोजच्या अडचणीला हा हक्क पुरत नाही. तेथे ती अडचण दूर करण्याची जबाबदारी संस्थेचीच आहे. दिवस मावळण्यापूर्वी ताट वाढल्याने किंवा पहाटे स्वयंपाकघर उघडल्याने कोणाच्याही हक्काला बाध येत नाही, त्यामुळे या सोयी मेहेरबानी म्हणून नव्हे, तर नियम म्हणून असाव्यात. मात्र शेजाऱ्याच्या ताटात काय असावे किंवा शेजारी कोण बसावे, अशी अट कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याने घातली, तर ती महाविद्यालयाने ठामपणे नाकारावी.