गुप्त गळती



पौलाला रोमाकडे नेणाऱ्या तारवाची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायांत आहे. तुफान सुटलें तेव्हां खलाशांनीं तारूं खालून दोरांनीं आवळून बांधलें. शीड दुरून दिसतें, पण जीव तळाच्या आधारानें तगतो, हें त्यांना ठाऊक होतें.

हल्लींच्या शिडाच्या नौकेच्या पोटाखालीं लोखंडाचा किंवा शिशाचा जड कणा बहुधा पोलादी बोल्टांनीं बसविलेला असतो. वारा नौकेला आडवी पाडूं लागला कीं, तें वजन तिला पुन्हां उभी करितें. शहाणा मालक वेळोवेळीं नौका किनाऱ्यावर घेऊन कण्याच्या सांध्यावर बारीक चीर आहे काय, गंज झिरपतो काय, हें पाहतो; शंका आल्यास बोल्ट काढून पारखतो. कारण न गंजणारें म्हणून नांवाजलेलें पोलादहि, खारें पाणी सांध्यांत कोंडून राहिलें व हवा पोहोंचली नाहीं, तर आंतल्याआंत कुरतडलें जातें.

नौकेंत पाणी आढळलें तर तो केवळ उपसून थांबत नाहीं. प्रथम तें जिभेला लावून पाहतो. गोडें असेल तर टांकीचें किंवा पावसाचें; खारें असेल तर समुद्र आंत शिरत आहे. मग तळ कोरडा पुसून, खडूची भुकटी भुरभुरून, ओघळाचा माग काढतो. कारण पाणी सांचतें तेथेंच भोंक असतें असें नाहीं.

मे २०१४ मध्यें 'चीकी रफीकी' ही ब्रिटिश नौका अँटिग्वा बेटाहून इंग्लंडास परतत असतां अटलांटिक महासागरांत तिच्यांत पाणी येऊं लागलें. तळ व झडपा आंतून पाहिल्या, पण कांहीं दिसेना. टांकी फुटली असावी असा तर्क झाला. पुढें नौका उलटी तरंगतांना आढळली. कणा तुटून गेला होता, आणि आंतील चौघे पुन्हां कोणाला दिसले नाहींत. ही नौका पूर्वीं एकाहून अधिक वेळां भुईला आदळली होती. ते धक्के व नंतरच्या दुरुस्त्या यांमुळें कण्याचा आधार अशक्त झाला असावा, असा संभव ब्रिटिश सरकारच्या चौकशी अहवालानें २०१५ सालीं वर्तविला.

त्या चौघांना आम्ही दोष देत नाहीं. भर समुद्रांत, खवळलेल्या लाटांवर, तळ कोण तपासणार? ती तपासणी बंदरांतच व्हावयाची असते.

मंडळीचेंहि असेंच आहे. शेताच्या बांधावरून भावाभावांत पडलेली अढी, सुनेला लागलेला एक कठोर शब्द, वर्गणीच्या हिशेबांतील संशय, हे आपले जुने धक्के. सणावारीं आपण हातांत हात देतों, वरून रंग चढवितों, आणि सांधा मिटला असें मानितों. संकट आलें म्हणजे मात्र त्याच जागीं घर दुभंगतें, आणि आपण संकटाला बोल लावितों.

म्हणून, प्रियहो, पीक घरीं आलें आहे, मुलेंबाळें सुखरूप आहेत, अशा शांत दिवसांतच तळ पाहूं या. अश्रु उपसणें पुरे नाहीं. त्यांचा उगम शोधूं या. ज्याच्याशीं बोलणें तुटलें आहे त्याच्या दारीं येत्या प्रभुवारापूर्वीं आपणच जाऊं या. सर्व गुप्त गोष्टी जाणणारा देव आपणांस तें धैर्य देवो. आमेन.