हिरव्याच्या ताटात

औंढा नागनाथला देवळाच्या मागच्या आळीत एक शेतकरी कुटुंब राहत होतं. थोरला मुलगा नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होता. धाकट्यानं दहावीनंतर शाळा सोडली. वडिलांचे गुडघे गेले आणि हळदीची काढणी, शिजवणं, वाळवणं, सगळं त्याच्यावर आलं. थोरल्याची फी त्याच हळदीतून जायची.

दिवाळीला थोरल्यानं आईसाठी मनीप्लांट आणला. पांढऱ्याशुभ्र चट्ट्यांचा. आईनं तो बैठकीत, थोरल्याच्या बक्षिसाच्या फोटोखाली ठेवला. खिडकीपासून लांब, पण येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. रोज तांब्याभर पाणी घालायची. त्या अंधारात नवी पानं हिरवट निघू लागली. पांढरं उठून दिसावं म्हणून ती हिरवट पानं खुडत राहिली. रोप मलूल झालं, पांढऱ्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या.

शिमग्याच्या सुमारास धाकटा हळद शिजवून रात्री घरी आला, तर आईच्या हातात कात्री.

"माय, हिरवी कशाला कापायलीस? तीच तर जेवू घालतात त्याला."

"म्हंजे?"

"शाळेत सरांनी दाखवलं होतं. क्रोटनचं असंच पांढऱ्या ठिपक्यांचं पान उन्हातून आणलं. उकळत्या पाण्यात बुडवलं, मग स्पिरिटमध्ये गरम केलं. हिरवा रंग सगळा उतरला. त्याच्यावर आयोडीन टाकलं, तर जिथं हिरवं होतं तेवढंच निळंकाळं झालं. पांढऱ्या जागी काहीच नाही. तिथं पिष्ट तयारच होत नाही, माय. पांढरं पान हिरव्याच्या ताटात जेवतं."

बोलताना त्याचा शीण कुठल्या कुठे गेला होता. हळदीनं पिवळी झालेली बोटं हवेत पान काढून दाखवत होती. शाळेतलं काही त्यानं घरात कधी सांगितलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानं कुंडी पूर्वेच्या खिडकीशी नेली, भरपूर उजेड येईल पण कडक ऊन लागणार नाही अशी. पांढरा भाग उन्हात लवकर करपतो. "बोट खुपसून बघ, माती कोरडी लागली तरच पाणी घाल. रोज घातलं तर मुळं कुजतात." मग जेवायला बसला आणि घास संपायच्या आत पेंगू लागला.

संत नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागं घालवलं, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही औंढ्याची गोष्ट आईनं दोन्ही लेकरांना कितीदा सांगितली होती. त्या रात्री ती तिला स्वतःला ऐकावी लागली.

सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, हळद हिंगोलीच्या बाजारात गेली की आधी धाकट्याची फी बाजूला काढायची. जूनमध्ये अकरावीला नाव घालायचं. सायन्सला."

"आणि शेत?"

"मजूर लावू. थोरल्याला सुट्टीत बोलवा. हळद त्यालाही शिजवता येईल."